सॅमसनकाकांचं सभागृह

संसदेचं अधिवेशन सुरू असलं की आमच्या शेजारचे सॅमसनकाका सकाळी दाढी करून, इस्त्रीची पँट घालून, पायात बूट चढवून स्वतःच्याच हॉलमध्ये टीव्हीसमोर येऊन बसतात. अकरा वाजता अध्यक्ष सभागृहात आले की काका उठून उभे राहतात. अध्यक्ष बसले की बसतात. बनियनवर बसून प्रश्नोत्तराचा तास बघणाऱ्या माणसाला मंत्र्यांकडून नीट उत्तराची अपेक्षा करण्याचा हक्कच नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

अकरा ते बारा त्यांच्या दाराची बेल वाजवायची नाही. एकदा आमचा गॅस संपला म्हणून मी वाजवली. काकांनी दार बोटभर उघडलं आणि विचारलं, "मास्तरीणबाई, नोटीस दिली होतीत?"

"काका, भात अर्धा कच्चा आहे."

"मग बाराला बोला. शून्य प्रहर असतो. तातडीचे विषय तिथं घेतात."

आणि दार बंद. मी तणतणत घरी आले. बाराच्या ठोक्याला पॅसेजमधून गडगड आवाज आला. बघते तर काका स्वतःचा भरलेला सिलिंडर लोळवत आणत होते. वर मलाच म्हणाले, "विषय मांडायला उशीर केलात."

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पेणच्या स्टँडवर काचेच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायचे. नोकरीभर लोकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, 'गाडी का येत नाही?' आणि त्याचं उत्तर त्यांना कधीच ठाऊक नसायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता विचारायची पाळी आपली. मग त्यांना संसदेचा चॅनल सापडला आणि आमच्या इमारतीची शांतता गेली.

त्यांचा प्रश्न विचारण्याचा साचा ठरलेला आहे. आधी 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास तपशील काय', आणि शेवटी 'नसल्यास कारणे काय'. दारावर मासे घेऊन येणाऱ्या रखमाला हे रोज सोसावं लागतं. काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरात मराठी, पानात सोलकढी, शनिवारी सुट्टी, आणि खवले नसलेला मासा वर्ज्य. रखमाने पाटी उतरवली की काका वाकून विचारतात, "या माशाला खवले हायेत, हे खरं हाय काय? असल्यास तपशील काय?"

रखमा खाडीकाठची. ती कुठल्या मंत्र्याला भीत नाही. "काका, बोय हाय ती बोय. तुमाला डोल्यांनी दिसत नाय? घ्यायची तर घ्या, नायतर माजा वकूत खाऊ नका."

"उत्तर उडवाउडवीचं हाय," काका माझ्याकडे बघून म्हणतात, आणि बोय घेतात.

संसदेत म्हणे प्रत्येक खात्याला प्रश्नांसाठी वार ठरवून दिलेले असतात. काकांनी ती पद्धत इमारतीला लावली. सोमवारी पाणी, म्हणजे आमचे सेक्रेटरी. मंगळवारी वीज. बुधवारी शिक्षण, म्हणजे मी. गुरुवारी जिन्यातला कचरा, ज्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, म्हणून त्या दिवशी काका पहिल्या मजल्यावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. एका सोमवारी मी जिन्यातल्या दिव्याची तक्रार केली तर म्हणाले, "हा विषय आज सूचीवर नाय." रात्री त्याच अंधारात मी ठेचकाळले. दुसऱ्या दिवशी दिवा लागलेला होता आणि काकांच्या हाताला चटका होता. सेक्रेटरी काही करीनात म्हणून त्यांनी स्वतःच खटपट केली होती.

पण काकांचं खरं प्रेम पूरक प्रश्नावर. पहिला प्रश्न हा प्रश्नच नव्हे, असं त्यांचं मत. त्याचं उत्तर कचेरीतल्या लोकांनी आधीच लिहून दिलेलं असतं, मंत्री नुसता वाचतो. खरी परीक्षा त्यानंतर. उत्तर ऐकून उभ्या-उभ्या जो दुसरा प्रश्न विचारतात, त्याला मंत्र्याला स्वतःचं डोकं चालवावं लागतं. "तेव्हा माणूस कळतो, बाई," काका म्हणतात.

मी हे आमच्या घरी करून पाहिलं. आमचे हे धाटावला कंपनीत आहेत. एकदा उशिरा आले. मी विचारलं, "उशीर का?" "शिफ्ट लांबली." एरवी मी तिथेच थांबले असते. पण पूरक प्रश्न विचारला, "शिफ्ट लांबली तर शर्टाला भेळेचा वास कसा?" त्या दिवसापासून आमचे हे काकांशी जरा जपून बोलतात.

घरात हे ठीक होतं. काका बाहेरही ऐकत नसत. रोह्याला एका सभागृहात एक पुढारी 'जनतेच्या प्रश्नांना उत्तरं' द्यायला आले होते. काका मला आणि ह्यांना ओढून घेऊन गेले. खाडीचा बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरतं, त्याचं काय केलं, असं काकांनी विचारलं. पुढारी म्हणाले, समिती नेमली आहे. टाळ्या पडल्या. काका उभेच. "समितीची बैठक झाली काय? असल्यास तपशील काय?" माइक दुसरीकडे गेला. काका उभेच. सत्कार झाला, हार झाले, आभार झाले. लोक चहाला गेले. कुणीतरी पंखे बंद केले. एका कार्यकर्त्याने येऊन सांगितलं, "काका, कार्यक्रम संपला."

"तुमचा संपला. माझा प्रश्न सभागृहात हाय."

आम्ही दोघं लाजेने अर्धमेले झालो होतो. शेवटी ते पुढारी स्वतः परत आत आले, काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, बैठक झालेली नाही. काकांनी त्यांना हात जोडले. "हे आधी सांगितलं असतंत तर एवढा वेळ उभा राहिलो नसतो." परतीच्या गाडीत त्यांचा चेहरा असा होता की जणू बांधच बांधून आले.

टीव्हीवर मात्र त्यांचा जीव जळायचा तो दुपारी. जेवणानंतर सभागृह ओस पडतं, बाकं रिकामी दिसतात. कामकाज चालायला सदस्यांचा दहावा हिस्सा हजर लागतो, त्याला गणपूर्ती म्हणतात. पण कोणी उठून 'गणपूर्ती नाही' असं म्हटलंच नाही, तर काम खुशाल चालू राहतं. काका कॅमेरा फिरेल तशी डोकी मोजायचे आणि भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं, "अरे, बोला कुणीतरी. माणसं नायत." मला वाटायचं, दिल्लीतल्या रिकाम्या बाकांचं या माणसाला इतकं काय पडलंय?

ते मला काकांची बायको, रिबकाकाकू, गेल्यावर कळलं. काकू माझी मैत्रीणच होती. नवऱ्याच्या सगळ्या नोटिसा तिने आयुष्यभर हसून फेटाळल्या. तिच्या वर्षाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये कद्दिश म्हणायची होती. ती मृतांसाठीची प्रार्थना, आणि त्यांच्याकडे तिला दहा पुरुष लागतात. पेणमध्ये एके काळी आळीच्या आळी त्यांची होती. आता बहुतेक सगळे इस्रायलला गेले. काकांचा एकुलता डेव्हिडही तिकडेच. दर शुक्रवारी तो फोन करतो, आणि काकांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे आमच्या मजल्याला सगळं ठाऊक आहे.

"बाबा, इकडे या आता. इथेही संसद आहे."

"तिथं मी नुसता बघणारा. इथं मी मतदार हाय."

डेव्हिडने फारच धरून बसल्यावर काकांनी एकदा शब्द दिला होता. पेणमध्ये कद्दिशला दहा पुरुष जमेनासे झाले, की मी येईन. तोवर विषय काढायचा नाही. काकांनी शब्द दिला म्हणजे दिला.

वर्षाच्या दिवशी माणसं येत गेली. अलिबागहून दोघे, ठाण्याहून काकांचा पुतण्या बेंजामिन आणि त्याचे मुलगे, पनवेलहून काहीजण. मी बायकांच्या बाजूला बसले होते. आमचे हे बूट काढून दाराशी उभे होते. तेवढ्यात रोह्याहून फोन आला. तिथले म्हातारे एलियाजी तापाने अंथरुणाला खिळले होते, येऊ शकत नव्हते. मी मोजलं. नऊ.

सगळ्यांनी मोजलं असणार, पण कोणी बोललं नाही. बेंजामिन पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "काका, सुरू करा. कोण मोजतंय?"

आमच्या ह्यांनी दारातून सांगितलं, "मी बसतो की टोपी घालून. मला कोण ओळखतंय इथं?"

काका ह्यांच्याकडे बघून हसले. मग त्यांनी भरलेली पुस्तकांची कपाटं पाहिली, रिकामी बाकं पाहिली. गप्प राहिले असते तर कद्दिश झाली असती, पेणही सुटलं नसतं. मी मनात म्हणत होते, काका, आज एक दिवस गप्प बसा. एका माणसासाठी कोणाचं काय अडलंय?

ते उभे राहिले. बूट जुळवून, टीव्हीसमोर उभे राहतात तसे.

"गणपूर्ती नाय," ते म्हणाले.

बेंजामिन चिडला. "काका, एवढ्या लांबून आलोय आम्ही. काकूंसाठी आलोय."

"तिच्यासाठीच सांगतोय. तिच्या नावानं खोटं काम नाय करायचं." मग म्हणाले, "नियमात दोन रस्ते दिलेत. माणसं कमी पडली तर तहकूब करायचं, नायतर माणसं पुरी होईस्तोवर बैठक थांबवायची. मी थांबवली."

दुपारपर्यंत सगळे थांबले. कुणाकुणाला फोन केले. माझ्या डब्यातल्या घावण्यांचा फडशा पडला. कोणी दहावा मिळाला नाही. मग गाड्यांच्या वेळा झाल्या आणि माणसं एकेक करून काकांच्या पाया पडून गेली. आमचे हे त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. काका पुढच्या बाकावर बसून होते. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण हा माणूस आता जाणार हे मला कळत होतं.

फोन वाजला. डेव्हिड होता.

"झालं का बाबा, आईचं?"

झालं म्हणाले असते तरी साक्षीला मीच होते, आणि मी देवाशपथ काही बोलले नसते.

"नाय झालं. नऊजणच आले."

डेव्हिड अगदी सांभाळून म्हणाला, "मग बाबा, आपलं ठरलं होतं ना..."

"ठरलं होतं. व्हय." काका म्हणाले. "पण बैठक संपली नाय रे. थांबलीय. एक माणूस कमी हाय." मग जे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या शुक्रवारांत एकदाही ऐकलं नव्हतं, ते त्यांनी म्हटलं. "तू ये."

मला वाटलं, आता तिकडून रजा, विमान, मुलांची शाळा, सगळं येणार.

"कधी येऊ, बाबा?" डेव्हिडने विचारलं.

काकांनी फोन माझ्या हातात दिला. "बाई, जरा तुम्ही बोला," एवढं कसंबसं म्हणाले, आणि पाठ फिरवून खिडक्या लावायला गेले. मी लावून घेतलेल्या त्या खिडक्या त्यांनी एकेक करून पुन्हा लावल्या.