दोघांपुरती जागा

"मला दोघांपुरती जागा हवी," बायको म्हणाली. "मागच्या अंगणात. दोन खुर्च्या मावतील एवढी. वर छप्पर, समोर हे झाड. बस्स."

आर्किटेक्टनं पेन्सिल उचलली. तो ज्या कंपनीत होता तिची कार्यालयं पाच-सहा देशांत होती आणि ती फक्त सार्वजनिक इमारती बांधायची. वाचनालयं, न्यायालयं, इस्पितळं, बसस्थानकं. लग्न झाल्यापासून त्याची बहुतेक वर्षं या ना त्या देशात पायाचे खड्डे बघण्यात गेली होती. बायको त्याच्या इमारती फोटोत बघायची. फोटोतल्या दालनात शेकडो माणसं बसलेली असायची आणि फोटो बघणारी घरात एकटी. आता मात्र त्याला दोन महिन्यांची सलग रजा मिळाली होती, आणि त्या दोन महिन्यांकडून तिनं फार काही मागितलेलं नव्हतं.

त्यानं एक रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं?"

"असं एकदम काढता येत नाही गं. आमच्या कंपनीचा नियम आहे. आधी विचारा, मग बांधा. आणि विचारायचं ते पैसे देणाऱ्याला नाही, तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला."

"अहो, इथून येणारं-जाणारं कोण? मी येते, मी जाते."

"आणि मी?"

"तुम्ही नुसतेच जाता."

यावर खरं तर त्यानं गप्प बसून दोन खुर्च्या काढायला हव्या होत्या. पण वर्षानुवर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीत फिरून आला आणि संध्याकाळी अख्खी गल्ली त्याच्या बैठकीच्या खोलीत होती. आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारतंय, याचंच लोकांना एवढं अप्रूप की ज्यांना बोलावलं नव्हतं तेही आले.

"मी स्पष्ट बोलतो," शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले. "तुमची ही मागची भिंत नसती, तर आम्हाला बसथांब्यापर्यंत वळसा घालावा लागला नसता."

"मास्तर, अहो, ती आमच्या घराची भिंत आहे," बायको म्हणाली.

"म्हणूनच तर तुम्हाला सांगतोय वहिनी. परक्याला कशाला सांगू?"

आर्किटेक्टचे डोळे चमकले. लोक जिथून चालतात तिथे वाट हवी, हे वाक्य तो पाच देशांत बोलला होता. आठवड्याभरात भिंत गेली आणि अंगणातून वाट झाली. वाट झाली तेव्हा समोरच्या काकू बाजारातून येताना पिशव्या टेकवून तिथे दम खाऊ लागल्या. लोक जिथे थांबतात तिथे बाक हवा. बाक आला. बाकावर दुपारी ऊन यायचं, म्हणून छप्पर आलं. छपराखाली संध्याकाळी अंधार व्हायचा, म्हणून दिवा आला. दिव्यापाठोपाठ वर्तमानपत्र घेऊन मास्तर आले, मास्तरांपाठोपाठ त्यांच्याशी वाद घालणारे आले, आणि वाद ऐकायला उरलेली गल्ली आली. बायकोनं मागितलेलं छप्पर तिला मिळालं, नाही असं नाही. दोघांऐवजी त्याच्याखाली गल्ली होती, इतकंच.

तिनं हार मानली नाही. एका संध्याकाळी दोनच कप चहा करून ती बाहेर आली.

"वा वहिनी!" म्हणून एक मास्तरांनी उचलला.

"साखर जरा कमी झालीय हं," दुसरा तोंडाला लावत काकू म्हणाल्या. "पण राहू दे. सवय होईल."

मग रोज मोठं पातेलं चढू लागलं. काकू आपल्या पाहुण्यांना परस्पर बाकावर बसवू लागल्या. "आमच्या घरात कुठे एवढी हवा!" असं त्या पाहुण्यांना सांगायच्या, आणि तिला म्हणायच्या, "अगं, पाणी आण बाई जरा." आर्किटेक्ट कोपऱ्यात उभा राहून माणसं कशी बसतात, कशी उठतात ते बघत असायचा. इतका सुखी तो तिला फोटोतसुद्धा कधी दिसला नव्हता, त्यामुळे रागावताही येईना.

रजेचे शेवटचे काही दिवस उरले तेव्हा तिला राहवलं नाही.

"अहो, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोला ना वहिनी," मास्तर सरकून जागा करत म्हणाले. "आपलीच माणसं आहेत सगळी."

ती आत गेली आणि पातेलं जरा जोरात आपटलं.

त्याच रात्री कंपनीच्या थोरल्या साहेबांचा फोन आला. त्यानं पाठवलेले अंगणाचे फोटो त्यांना फार आवडले होते. पण तुमच्याच गावात आपण गेल्या वर्षी वाचनालय बांधलं, तिथे म्हणे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. रजा संपायच्या आत बघून या.

"घरचं झालं थोडं..." बायको पुटपुटली. मग जरा थांबून म्हणाली, "मी येऊ?"

वाचनालयाच्या उद्घाटनाला तो परदेशात होता, म्हणून तीही गेली नव्हती. नवरा नसताना नवऱ्याची इमारत काय बघायची!

सकाळी निघताना त्यानं बाकावरच्या मंडळींना विचारलंच, "तुम्ही कुणी वाचनालयात का जात नाही हो?"

"तिथे कपडे बदलून जावं लागतं," काकू म्हणाल्या. "इथे कसं, घरच्यासारखं आहे."

"घरच आहे ते," बायको म्हणाली. पण तोवर दुसरा विषय निघाला होता.

वाचनालयाला कुंपण नव्हतं. दार इतकं रुंद की दोघांना शेजारी शेजारी आत जाता आलं. आत लाकडी पायऱ्या, उंच खिडक्या आणि त्यांतून जमिनीवर पडलेलं ऊन. टेबलामागे ग्रंथपाल पुस्तकावर मान टाकून झोपले होते. बाकी चिटपाखरू नाही. आर्किटेक्टचा चेहरा पडला. तो एकेक खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत चालला होता.

"कोणीच नाही गं," तो म्हणाला.

"हो ना!" ती म्हणाली. तिचा आवाज त्याला भलताच खुशीत वाटला.

एका खिडकीशी ती थांबली. भिंतीत एक छोटासा कोनाडा होता. समोरासमोर दोन बैठका, मध्ये हातभर फळी, बाहेर एक झाड.

"हे कुणी मागितलं होतं?"

"कुणीच नाही." तो खिडकीबाहेर बघत होता. "विचारलेल्या लोकांपैकी कुणीच नाही. साहेबांची बोलणीसुद्धा खाल्ली. तिकडे एका हॉटेलात होतो, रविवार होता, कामाचे कागद संपले होते. उगाच काढत बसलो आणि हे निघालं. मग पुसवेना."

ती एका बैठकीवर बसली आणि समोरच्या बैठकीकडे बघत राहिली. तो बसला.

मग ती बोलायला लागली. कित्येक वर्षांचं साचलेलं होतं. तिची आई आजारी पडली तेव्हाचं, नळ फुटला तेव्हाचं, रात्री दाराची कडी तीनदा बघायची सवय कशी लागली तेही. त्यानं एकदाही, माणसं कशी बसतात, इकडे लक्ष दिलं नाही.

ऊन फळीवरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा ग्रंथपाल जागे झाले. माणसं बघून आधी दचकले, मग लगबगीनं आले. "कंपनीचे साहेब ना? सांगा साहेब. गर्दी व्हावी म्हणून काय करू? पाटी लावू? गावात हाळी देऊ?"

उपाय त्याला पाठ होते. त्यानं तोंड उघडलं. समोर बायको चपला काढून, पाय वर घेऊन, डोकं काचेला टेकून बसली होती.

"घाई नको," तो हळूच म्हणाला. "मी परदेशात पोचलो की कळवतो."

"बरं." ग्रंथपाल घुटमळले. "तसं आता बंद करायची वेळ झालीय."

बायकोनं पाय खाली घेतले, चपला घातल्या आणि विचारलं,

"उद्या किती वाजता उघडता?"