सगळे स्क्रू सारखे सैल

थोरल्याला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी अण्णांच्या घरात कॉम्प्युटर आला. कारण अगदी साधं होतं. थोरल्याच्या घरात दोन पाळणे आले आणि टेबलाला जागा उरली नाही. मग टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर असं सगळं लटांबर टेम्पोत बसून आईवडिलांकडे रवाना झालं.

"अण्णा, यातली सिस्टिम फुकट आहे हं," वायरी जोडता जोडता थोरला म्हणाला. "लिनक्स म्हणतात. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलीय. मालक कुणीच नाही. कुणीही उघडून बघावी."

"म्हणजे धर्मशाळाच की!" अण्णा खूश झाले.

अण्णा घड्याळजी. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात, डोळ्याला भिंग लावून त्यांचा जन्म गेला. उघडून बघायला हरकत नाही म्हटल्यावर त्यांची बोटं शिवशिवू लागली. थोरला बापाला ओळखून होता. त्याने दोघांची दोन वेगळी खाती केली, एक अण्णांचं, एक आईचं. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, हा हेतू. पण मुख्य खातं अण्णांना दिलं. घरचा कर्ता पुरुष दुखावला असता ना!

इंटरनेट खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. आईची, म्हणजे माईंची, कवळी त्यांनीच बसवली होती आणि कवळीपाठोपाठ पासवर्डही मायेने दिला होता.

कॉम्प्युटरसमोर खऱ्या बसल्या त्या माई. जन्मभर अंगठा उठवलेली बाई. धाकटीचं लग्न पार पडलं तशा त्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागल्या आणि अक्षरं शिकल्या. आता एका बोटाने, दाणे टिपणाऱ्या चिमणीसारख्या, टकटक टकटक टाइप करायच्या. वर्गाच्या समारंभात स्वतः लिहिलेलं काहीतरी वाचून दाखवा, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं.

समारंभाच्या दिवशी दुपारी माई म्हणाल्या, "अहो, मी लिहिलेलं जमेल का छापून द्यायला? अक्षरं चांगली चिंचोक्याएवढी हवीत. सगळ्यांसमोर अक्षर दिसलं नाही तर मी मुक्यासारखी उभी राहीन. लोक म्हणतील, हिला कुठलं वाचता येतंय!"

"अगं, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा माणूस मी! हे धूड माझ्यापुढे काय? तुझी इस्त्री होईपर्यंत कागद हातात देतो!"

माई आत इस्त्रीला गेल्या आणि अण्णा खुर्चीत बसले.

आधी प्रिंटर. कॉम्प्युटरने विचारलं, कुठला जोडू? पडद्यावर दोन नावं आली, एक आखूड, एक लांबलचक. आता घड्याळाच्या धंद्यातला अनुभव असा, की तबकडीवर जितकं लांब नाव तितकं घड्याळ भारी. अण्णांनी लांब नावावर बोट ठेवलं. "जोडला!" कॉम्प्युटर म्हणाला. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

मग फाईल. माईंच्या कप्प्यावर टिचकी मारली आणि पडद्यावर पाटी आली: परवानगी नाही.

अण्णा उडालेच! "माझं घर, माझं टेबल, माझी बायको, आणि मला परवानगी नाही? ही धर्मशाळा म्हणायची की तुरुंग?"

"काय झालं हो?" आतून माई.

"काही नाही! तू इस्त्री कर!"

अण्णांनी हळूच थोरल्याला फोन लावला. पलीकडे दोन्ही मुली दोन सुरांत रडत होत्या.

"अण्णा, आईलाच बसवा ना तिथे. ती तिच्या खात्यातून चुटकीसरशी उघडेल."

"तिला कशाला त्रास? तू मला युक्ती सांग!"

"बरं, लिहून घ्या. काळ्या खिडकीत ही ओळ टाकायची. पण शेवटी आईच्या कप्प्याचं नाव टाका हं. तेवढाच कप्पा मोकळा करायचा... अरे, धर तिला, पडेल ती! अण्णा, ठेवतो!"

अण्णांनी ओळ टाकली. शेवटी कप्प्याचं नाव टाकायला गेले आणि थबकले. त्यांच्यातला घड्याळजी जागा झाला. एकच स्क्रू सैल केला की पट्टी वाकडी होते, हे तर दुकानातलं पोरसुद्धा सांगेल. सैल करायचे तर सगळे स्क्रू सारखे सैल करायचे! अण्णांनी माईंच्या कप्प्याऐवजी अख्खं यंत्रच मोकळं करून टाकलं.

आणि काय सांगू, फाईल उघडली! अण्णांनी अक्षरं चिंचोक्याएवढी केली आणि छापायचा हुकूम सोडला.

प्रिंटर ढिम्म.

पुन्हा सोडला. ढिम्म! पाच प्रती मागितल्या. मग वीस! पडदा दर वेळी सांगे, छापून झालं. प्रिंटर मात्र माहेरी आलेल्या लेकीसारखा निवांत पडलेला. "तेल संपलंय," अण्णांनी निदान केलं. स्क्रू ड्रायव्हर आणला, प्रिंटरचं पोट उघडलं आणि दात्यांवर घड्याळाच्या तेलाचे थेंब सोडले. उत्साहाच्या भरात जरा जास्तच सोडले.

मग म्हटलं, प्रिंटर पहिल्यापासून जोडू. पण आता कॉम्प्युटरच फुगून बसला. सगळ्या कड्या काढल्यात, सगळी दारं सताड उघडी, आता माझा कुणावरच भरवसा नाही, अशा अर्थाचं काहीतरी सांगू लागला. अण्णांनी तो बंद करून परत चालू केला. काळा पडदा. त्यावर एकच रेघ डोळे मिचकावत होती. टिक, टिक, टिक.

इस्त्री केलेले कपडे हातावर घेऊन माई दारात आल्या.

"झाले कागद?"

प्रिंटरची आतडी टेबलावर, तेल सतरंजीवर. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे लपवला.

"अहो, माझं लिहिलेलं?"

"आत आहे," अण्णा पुटपुटले. "बहुतेक."

माई मटकन खाटेवर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं. एकेका अक्षरासाठी तिचं ते बोट कसं हवेत फिरायचं, ते त्यांना आठवलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात डॉक्टरीणबाई. हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा, डोळ्यांत पाणी, आणि पाणी हसण्याचं!

"माई, हे तुम्ही लिहिलंय? माझ्या प्रिंटरमधून कधीचं येतंय! कागद संपले, शाई संपली! अहो, पेशंट हसताहेत, मी सुई कुणाला टोचू?"

त्यांच्यामागून जिना चढत आले ते कवायतीचे निवृत्त मास्तर. गाल सुजलेला, हातात एक कागद. त्यांनी अर्ध्याच तोंडाने, पण खणखणीत वाचायला सुरुवात केली:

"'मी रोज दुकानात डबा घेऊन जायची. वर पाटी होती. मला वाटायचं, यांचं नाव असेल. अक्षरं शिकले तेव्हा पहिली ती पाटी वाचली. एका दिवसात दुरुस्ती! मी जन्मभर त्या पाटीखालून ये-जा केली आणि आत लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसलेले असायचे. वाचता येत नव्हतं तोवर मला वाटायचं, माझा नवरा कधी खोटं बोलत नाही.'"

मास्तरांनी कागद खाली केला. "अण्णा, माझं गजराचं घड्याळ?"

अण्णांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण माई? त्या ताडकन उठल्या आणि गठ्ठा छातीशी धरला. "आले की कागद! आणि अक्षरं बघा, कशी चिंचोक्याएवढी!"

संध्याकाळी माईंनी वाचलं. एकदाही अडखळल्या नाहीत. सभागृह हसून हसून लोळलं. सगळ्यात जोरात टाळ्या अण्णांनी वाजवल्या. शेजारी मास्तर बसले होते, त्यांच्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

रविवारी थोरला येऊन सगळं नीट करून गेला. माईंची फाईल शाबूत होती. मुख्य खातं त्याने स्वतःकडे घेतलं. त्या फाईलपुरती अण्णांना एवढीच मोकळीक ठेवली, की वाचता येईल, बदलता येणार नाही.

अण्णा अजून ती फाईल उघडून बसतात. नवरा खोटं बोलत नाही, त्या ओळीखाली त्यांना लिहायचं आहे, की मास्तरांचं घड्याळ दुसऱ्याच दिवशी परत केलं. (आठवडाभरात ते बंद पडलं, ते लिहायचं नाही.)

"अण्णा, देऊ का मोकळी करून?" थोरला विचारतो.

"नको रे," अण्णा म्हणतात. "तिला विचारायचं राहिलं."

जुळ्या पहिलीत गेल्या, त्या वर्षी शाळा उघडल्याच्या आठवड्यात, सकाळच्या वेळी माई गेल्या.