सासऱ्यांच्या चेरीची साफसफाई

सासऱ्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द ऐकावा, एवढीच माझी माफक इच्छा होती. घरजावई होऊन आठ वर्षं झाली. बायकोबरोबर तिचं आडनावही घेतलं (माझं कुणी मागितलंच नव्हतं). एवढ्या काळात सासरे माझ्याशी जे काही बोलले, ते ‘हं’.

सासरे चेरीच्या सालीचे चहाचे डबे बनवतात. जपानातल्या आमच्या काकुनोदाते गावात त्याला कला म्हणतात. मी नगरपालिकेत शिक्के मारतो, त्याला कुणी काही म्हणत नाही.

तर एका रविवारी सासरे गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळीला गेले आणि माझी नजर अंगणातल्या चेरीच्या झाडावर गेली. फुलं काय, चार दिवसांची. चेरीचं खरं रूप खोडात. तांबूस, गुळगुळीत, चकचकीत! आमच्या झाडाचं खोड मात्र पांढुरकं, खरबरीत, बुरशी आल्यासारखं. वाटलं, म्हाताऱ्याच्या हातून आता साफसफाई होत नसेल.

मी बादली आणि काथ्याचा ब्रश घेतला.

"अहो, बाबांना विचारलंत?" बायको, सावाए, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"विचारलं तर काय म्हणतील?"

"हं म्हणतील."

"मग ती परवानगीच झाली."

चार तास घासलं. मग तांदळाच्या कोंड्याची पुरचुंडी करून, लाकडी जमिनीला देतात तशी चकाकी दिली. शेजारचे कुमागाई, तेही सालीचेच कारागीर, कुंपणापाशी येऊन बघत होते.

"जावईबापू, सासऱ्यांनी सांगितलं का हे?"

"छे, स्वतःच्या मनाने करतोय."

"वा! दमू नका हं," असं म्हणून त्यांनी मला चहासुद्धा पाजला. किती भला माणूस.

संध्याकाळी सासरे आले. खोडावरून त्यांनी हात फिरवला, पुन्हा फिरवला. सावाए बाहेर आली आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, ती बुरशी नव्हती. त्या सालीला हिमसाल म्हणतात. हजारात एखाद्या झाडाला येते. बाबा वीस वर्षं तिची वाट बघत होते. या ऑगस्टमध्ये सोलून प्रदर्शनासाठी शेवटचा डबा करणार होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हाताऱ्याची वीस वर्षं मी बादलीभर पाण्यात धुऊन काढली होती.

"चारी बाजूंनी घासलंत?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"वरपर्यंत?"

"शिडी लावली होती."

"कुठे थोडंसं राहिलं असेल?"

"नाही हो."

ते झाडाभोवती एक फेरी मारून आले.

"चोख काम केलंत," ते म्हणाले आणि घरात गेले.

आठ वर्षांनी मिळालेलं हे पहिलं कौतुक. गावातही आता माझं नाव झालंय. मी रस्त्याने निघालो की कारागीर हातातलं काम टाकून अंगणात येतात आणि आपापल्या झाडाला पाठ लावून उभे राहतात.