पाहुणीला कंटाळा आणणारे शेलारकाका

मी खोकले की भिंत दोनदा वाजायची.

पहिल्या दिवशी वाटलं, पलीकडे कुणी खिळा ठोकतंय. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की प्रत्येक खोकल्याला बरोबर दोन टोले पडतात, नाक शिंकरलं तर एकही नाही. तिसऱ्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून खोकला दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं. भिंत गप्प. शेवटी तो फुटलाच, आणि पलंगाच्या उशाशी, माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, टक्, टक्.

दुपारचे दोन वाजले होते. दिघीतली आमची इमारत त्या वेळेला अगदी रिकामी असते. कुणी पहिल्या शिफ्टहून यायचं असतं, कुणी दुसऱ्या शिफ्टला गेलेलं असतं, मुलं शाळेत असतात. मागच्या गॅलरीतून लष्कराची मोकळी जमीन दिसते. वाळलेलं गवत, तारेचं कुंपण आणि पुढे काहीच नाही. तिकडे पाहिलं की आपल्यालाच कुणी पाहतंय असं वाटायचं, म्हणून मी पडदा ओढून घ्यायचे.

सर्दीला वीस दिवस झाले होते. डॉक्टरांच्या गोळ्यांची दोन पाकिटं संपली, वास गेला, चव गेली आणि सतराव्या दिवशी आवाजही गेला. माझं काम फोनवर बोलण्याचं. ऑफिसनं कळवलं, आवाज आला की या. खरं सांगायचं तर एरवीही कामाबाहेर मी फारसं बोलत नाही. आई म्हणाली, "तुझा आवाज गेलाय हे बिल्डिंगला कळायला वर्ष लागेल." ती शाळेत शिकवते. बाबा निघोज्याला कंपनीत. दिवसभर घरात मी आणि ती भिंत.

भिंतीपलीकडे शेलारकाका राहतात एवढं मला माहीत होतं. सत्तरीचे, काटकुळे, एकटे. इमारतीत त्यांच्याबद्दल हलक्या आवाजात बोललं जायचं. ते कठड्याला हात लावून डोळे मिटून उभे असतात, भिंती चाचपत फिरतात, त्यांच्या पायांचा आवाज येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मुलांना त्यांच्या दारावरून पळत जायला शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी टोल्यांनंतर दार वाजलं. उघडलं, तर बाहेर कुणी नाही. उंबऱ्यापाशी स्टीलचा पेला, त्यावर ताटली, ताटलीवर चिठ्ठी: "गरम हाय तवर. एका दमात न्हाई." मी तो उचलला, आत आणला आणि मोरीत ओतून दिला. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, हे मला शाळेत इंग्रजीतून शिकवलेलं, त्यामुळे ते फार पक्कं बसलंय.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच पेला. चिठ्ठी: "कालचा वतला. आजचा पी."

मी दार लावून घेतलं, कडी घातली आणि मोबाइलवर आईला लिहिलं, की शेजारच्या काकांना आपल्या घरातलं दिसतं. तिनं उत्तर पाठवलं, "मग त्यांना सांग कपाट आवरायला." पेला मात्र मी प्याले. चव लागतच नव्हती, त्यामुळे धाडस करायला सोपं गेलं.

पेला परत ठेवायला दार उघडलं तर ते समोरच उभे होते. अनवाणी, माकडटोपी, एक तळवा आमच्या चौकटीवर टेकलेला. त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. मला वाटलं, झालं, आता कानही गेले.

मग अगदी हळू कुजबुज आली. "आवाज काढून बोलू नगं. पाव्हनी ऐकतीय."

मी मागे वळून पाहिलं. घरात कुणी नव्हतं.

"सर्दी गं," ते म्हणाले. "किती दिस झालं येऊन?"

मी नुसते ओठ हलवले, बावीस दिवस. घशातून हवासुद्धा निघाली नाही. ते मान डोलावून म्हणाले, "बावीस. म्हंजे रुळलीय. पाव्हनीला हाकललं तर ती अडून बसती. तिला कट्टाळा आनायचा."

आवाज गेल्यापासून माझं न निघालेलं बोलणं पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण कळलं होतं. आईलाही मी लिहून दाखवत होते. मला बरं वाटायला हवं होतं. अंगावर काटा आला.

त्यांची पद्धत अशी. पाहुणीला रोज तेच, त्याच वेळी, त्याच भांड्यात. अकरा वाजता कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मोजून वीस. साडेबाराला ज्वारीची कण्हेरी. दोन वाजता काढा. चार वाजता ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि ती पुरचुंडी नाकाशी धरायची. झोपताना डोक्याखाली दोन उश्या. मी एकदा ओव्याऐवजी जिरं भाजलं. दोन्हींतला फरक मला वासावरूनच कळायचा, आणि वासच नव्हता. काकांनी फडकं सोडून दाणे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आता ती जेवूनच जाईल."

उपायांचं काही नाही, ते कुणीही सांगतं. भीती वाटायची ती त्यांच्या बाकीच्या वागण्याची. पुरचुंडी देता देता ते जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवायचे आणि सांगायचे, "तुजी आई आली." खाली कुणी दिसत नसायचं. मिनिटभरानं आई जिना चढून यायची. भिंतीला तळवा लावून म्हणायचे, "वरचं बाळ उठलं." मी कान टवकारायचे, तर खरंच वरून बारीक रडणं. माझ्याशी मात्र ते बहुतेक वेळा नुसत्या ओठांनीच बोलायचे, "पाव्हनीला कळाया नगं" म्हणून. रिकाम्या इमारतीच्या बोळात आम्ही दोघं समोरासमोर, तोंडं हलवतोय आणि आवाज शून्य. त्या वेळी कुणी जिना चढून आलं असतं तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना नवीन विषय मिळाला असता.

मी धीर करून विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं कळतं?

"हॅमर शॉपला होतो. एकतीस वर्सं," ते म्हणाले. लालभडक लोखंडावर पडणारे ते अजस्र हातोडे. "हिकडं घाव पडला की तिकडं भोसरीत चहाची कपबशी हालायची म्हन. तितं कोन बोलनार? आमी सगळी ओठानं आन् हातानं बोलायचो. खांबाला हात लावला, की कंच्या हॅमरचा बोल्ट सैल झालाय त्ये मला कळायचं. सायब यायचा विचारायला, शेलार, कुठं दुखतंय रे मशीनला?"

आणि मग, पहिल्यांदाच जरा घाईनं, त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. मुलाचा मेसेज होता. "बाबा, गुरुवारी येतो. बिल्डिंगमधून परत तक्रार आलीये. या वेळी तुम्हाला घेऊनच जाणार."

"विकास माजा. चाकनला सुपरवायझर हाय," काका म्हणाले. "त्याला वाटतं मी एकटा ऱ्हाऊन येडा झालोय. तू गुरवारपत्तुर बरी हो. त्याला दाखवतो. म्हन, बघ, डॉक्टरला जमलं न्हाई, बापाला जमलं. अशा मान्साला कोन हालवतं?"

माझ्या सर्दीवर कुणाचं तरी घर टिकून आहे, हे कळल्यावर मी फार इमानदारीनं गुळण्या केल्या. सोमवारी नाक मोकळं झालं. मंगळवारी आईनं लसणाची फोडणी दिली आणि मी स्वयंपाकघरात धावत गेले, वास आला म्हणून. बुधवारी खोकला दिवसभरात तीनदाच आला. सहा टोले. आवाज तेवढा अजून बसलेलाच होता. घोगरी फुंकर निघायची, तीही तुटक.

गुरुवार म्हणजे आमच्याकडचा रविवार. कंपन्या बंद, जिन्यात माणसं आणि दुपारच्या शाळेची मुलं, गच्चीवर गाद्या. अकरा वाजता काका मला घ्यायला आले. त्यांनी शर्टाला इस्त्री केली होती. मला त्यांनी हॉलमध्ये खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं, उजेडात, कंपनीत तपासणीला आणलेल्या सुट्या भागासारखं.

विकासदादा चाळिशीचे, दमलेले. बूट न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसले होते.

"हिला अठ्ठावीस दिवस सर्दी व्हती," काका त्यांना म्हणाले. "इचार हिला."

मी मान हलवली. विकासदादा कसंनुसं हसले. "बाबा, तुम्ही सगळ्यांची सर्दी काढा हो. पण भिंती वाजवता, लोक घाबरतात. उद्या काही झालं तर?"

काका माझ्याकडे वळून पेल्यात काढा ओतू लागले. त्यांची पाठ मुलाकडे होती. विकासदादा थोडा वेळ त्या पाठीकडे पाहत राहिले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, गॅस चालू राहिलाय."

काका ओतत राहिले.

"बाबा, आतून जळका वास येतोय."

पेला काठोकाठ भरला. काकांनी तो माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहून हसले. आतून कसलाही वास येत नव्हता, माझं नाक आता ठीक होतं. विकासदादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला कठडा, चौकट, आमचं बिनआवाजाचं बोलणं, सगळं एकदम कळलं. ते ऐकत नव्हतेच. ते हातानं ओळखत होते आणि ओठांवरून वाचत होते.

आणि मी, जी कुणाच्या भानगडीत पडत नाही, त्या मीच नुसत्या ओठांनी त्यांना सांगितलं: गॅस. म्हणा, बंद केलाय.

काकांनी माझे ओठ वाचले. त्यांचं हसू थांबलं. क्षणभर वाटलं, ते तसंच म्हणतील.

"न्हाई पोरी," ते म्हणाले. "माज्यापायी खोटं नगं."

मग ते मुलाकडे वळले. "इकास, पाठीमागनं इचारू नगं. म्होरं ये. मला ऐकू येत न्हाई. लई वर्सं झाली."

"मला माहितीये बाबा," विकासदादा म्हणाले. "म्हणूनच तर न्यायचंय."

"तुज्या टावरच्या भिती कसल्या?"

"भिंती? काँक्रीटच्या. का?"

"मुक्या असत्यात त्या. हितं विटंच्या हायत. हिचा पलंग भितीला टेकलाय, ही खोकली की भित हालती. हिनं काढा वतला तर मोरीचा पाइप गरम लागतो. मला कळतं, शेजारी मानूस हाय."

"पण टोले कशाला द्यायचे?"

काकांनी भिंतीला तळवा लावला. मग आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "तुजी आय आजारात तितं झोपायची. मी सैपाकात. तिनं हाक मारली तर मला कळायची न्हाई. मग आमी ठरवलं. खोकला आला, कायबी लागलं, तर तिनं वाटीनं भितीवर एक टोला द्यायचा. मी भितीला हात लावूनच भाकरी थापायचो, एका हातानं. टोला आला की मी दोन द्यायचे. म्हंजे, कळलं, आलो."

विकासदादांनी हे कधी ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"त्या दिवशी तिला खडीसाखर पायजे व्हती," काका म्हणाले. "घसा सुकला म्हनली. दुपारची दोनची येळ. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. धा मिंटं. आलो, भितीला हात लावला, तर भित गप्प. मी दोन टोलं दिलं. परत दिलं." त्यांनी तळव्याकडे पाहिलं. "मी भायेर असताना तिनं वाटी वाजवली का न्हाई, कोन सांगनार? बिल्डिंगीत दुपारी चिटपाखरू नसतं. तवापासनं दुपारी मी बिल्डिंगीच्या भायेर जात न्हाई. कुनी खोकलं तर घरात पायजे कुनीतरी."

बाहेर जिन्यात मुलांची पळापळ चालली होती. काकांना ती पायांतून कळत असणार.

विकासदादा स्टुलावरून उठले. घड्याळ पाहिलं, पुन्हा बसले आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले, ती आधीच बांधलेली होती. मान खाली ठेवूनच ते म्हणाले, "राहा इथेच. दर गुरुवारी मी येत जाईन. काय लागेल ते बाजारातून मी आणेन, तुम्ही दुपारी बाहेर पडू नका. बिल्डिंगवाल्यांशी आज मीच बोलतो."

काका त्यांच्या डोक्याच्या मागच्या भागाकडे पाहत होते. ओठ दिसत नव्हते. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, पण भिंतीतून असलं काही कळत नाही. त्यांचा चेहरा हळूहळू पडत चालला. त्यांना वाटलं असावं, निघायची वेळ झाली. ते उठले आणि खुंटीवरची पिशवी काढू लागले.

"काका!" मी म्हणाले. ते वळले नाहीत. मी पेला ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पिशवी हातातून काढून घेतली. "काका, विकासदादा म्हणतायत, तुम्ही इथेच राहायचं! ते येतील! दर गुरुवारी!"

खोली दणाणली. जिन्यातली मुलं थांबली. विकासदादांनी मान वर केली, डोळे लाल झालेले. कुणाचा आवाज एवढा मोठा, म्हणून मीही क्षणभर आजूबाजूला पाहिलं.

काकांनी माझ्या ओठांवरून ते सगळं वाचलं. मग मुलाकडे पाहिलं. मुलानं मान हलवली. काका खाली बसले, डोळे पुसले आणि माझ्या गळ्याकडे बोट दाखवून रागावले.

"आगं, वरडतीस कशाला? शिरा बघ कशा ताटल्यात. आत्ता कुठं घसा सुटलाय."