जनरल हॅस्केट यांची पाठ

जनरल ऑर्विल हॅस्केट (निवृत्त) यांनी टीव्हीवर जाऊन फक्त एक वाक्य बोलायचं ठरवलं. एकच! आता एका वाक्यापायी माणसाची अशी किती फजिती होणार? पण ज्या गृहस्थाने निवृत्तीनंतर घरातल्या पडद्यांच्या रंगावरसुद्धा कधी मत दिलं नाही, त्याच्या तोंडून जाहीर वाक्य काढायचं म्हणजे बुजलेली विहीर उपसण्यातला प्रकार.

त्यांच्या बिरादरीचा रिवाजच तसा. जनरल निवृत्त झाला की त्याने मासे धरावेत, गोल्फ खेळावं, नातवंडांना नकाशा वाचायला शिकवावं. राष्ट्राध्यक्षांबद्दल, मग ते कुणीही असोत, ब्र काढू नये. हॅस्केटसाहेबांनी एकामागून एक किती राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली चाकरी केली, पण त्यांतल्या कुणाला मत दिलं हे बायकोलाही कधी सांगितलं नाही. (डॉटीबाई दर वेळी ओळखायच्या, तो भाग वेगळा. मत देऊन आल्यावर साहेब जेवताना जरा जास्तच निर्विकार दिसायचे म्हणे.)

पण त्या जूनमध्ये राजधानीत निदर्शनं झाली, राष्ट्राध्यक्षांनी चौक मोकळा करायला पोलिसांच्या जोडीला सैनिक उभे केले, अश्रुधूर सोडला, आणि त्या धुरात साहेबांची नात टेसा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, समोर ढाली घेऊन उभी होती ती पोरं माझ्याच वयाची होती. तुमचीच ना ती?"

"माझी म्हणजे... सैन्याची. हो."

"मग तुम्ही काही बोलणार आहात?"

"टेसा, बाळ, आमच्यात एक रिवाज असतो की—"

"ठीक आहे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

लहानपणी सगळ्या उन्हाळी सुट्ट्या त्यांच्या कॅन्ससमधल्या, लष्करी छावणीलगतच्या घरी काढलेली पोर ती. रडायची, भांडायची, पाय आपटायची, ते साहेबांना चालायचं. पण तिचं ते थंड 'ठीक आहे' त्यांच्या जिव्हारी लागलं. दिवसभर ते अंगणातल्या झेंड्याच्या काठीला उगाचच तेल देत बसले. संध्याकाळी टीव्ही लावला तर त्यांच्याच बरोबरीचा एक जुना जनरल राष्ट्राध्यक्षांना खडे बोल सुनावत होता. मग दुसरा आला. मग एक आरमारवाला.

"डॉटी, मीही बोलतो," साहेब म्हणाले. "एकच वाक्य."

"बोल बाबा," डॉटीबाई म्हणाल्या. "पण आधी मला बोलून दाखव. तुझं एक वाक्य म्हणजे मालगाडी असते."

पहिल्या खर्ड्यात 'तत्कालीन परिस्थितीचा सर्वंकष विचार करता' असं होतं. डॉटीबाईंनी त्याच्यावर काट मारली. मग आणखी बऱ्याच शब्दांवर मारली. शेवटी जे उरलं ते ऐकून मात्र त्यांनी साहेबांच्या हातावर हात ठेवला. ते वाक्य असं होतं: "मी ज्या पोरांना बंदूक धरायला शिकवलं, त्यांना आपल्याच माणसांसमोर उभं राहायला शिकवलं नव्हतं."

टीव्हीवाले खुशीने तयार झाले. साथीमुळे सगळ्यांच्या मुलाखती घरूनच चालल्या होत्या. आता प्रश्न आला भिंतीचा. मागे राष्ट्राध्यक्षांचे फोटो नकोत, झेंडा नको, पदकं नकोत. उगाच कुणी अर्थ काढायला नको. तर त्या घरात अशी भिंतच सापडेना! दिवाणखान्यात एका राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन, जिन्यात दुसऱ्यांशी. न्हाणीघराच्या दारावर तिसरे होते, ते डॉटीबाईंनी मुद्दाम तिथे टांगलेले. साहेब एकेका फोटोपुढे थांबत राहिले. हा जर्मनीतला पहिला बर्फ. हा कोरियातला नाताळ, ज्या वर्षी केक विमानाने आला आणि बुटासारखा चपटा झाला होता.

"आपण किती बारीक होतो गं!"

"मी होते. तू नव्हतास," डॉटीबाई म्हणाल्या. "चल, कपडे धुवायच्या खोलीत बस. तिथे एक खिडकी नि घड्याळ सोडलं तर काही नाही."

इस्त्रीच्या टेबलावर संगणक चढला. मग प्रश्न आला कोटाचा. कोरियात, सोलच्या शिंप्याने शिवलेला तो निळा कोट साहेबांनी पोराच्या लग्नात घातला, टेसाच्या बारशाला घातला, आणि मध्यंतरी डॉटीबाईंच्या 'पीच पाय' या गोड पदार्थाने आपलं काम चोख केलं होतं. बटण काजापासून वीतभर लांब राहिलं.

"पोट आत घे."

"घेतलंय!"

"हे घेतलेलं आहे?" डॉटीबाईंनी कात्री उचलली. "हे बघ, लोकांना दिसणार पुढची बाजू. मागची शिवण उसवते. हलू नकोस."

सर्रकन शिवण उसवली. पुढून बटण लागलं, मागे बनियन उघडं पडलं. दोन्ही पाखे पार पसरू नयेत म्हणून बाईंनी हाताशी होते ते कपडे वाळत घालायचे रंगीबेरंगी चिमटे कॉलरीपासून खालपर्यंत लावून दिले. पुढून बघावं तर कसा रुबाबदार जनरल! मागून बघायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

"पाचच्या आत आटोप हां," त्या म्हणाल्या.

"साडेचारची वेळ दिलीय. एका वाक्याला किती वेळ लागतो?"

साहेबांच्या वाक्याला वेळ लागणार नव्हता, पण त्यांच्या आधी होता तो आरमारवाला. वर्षानुवर्षं तोंड बंद ठेवलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला आवरणार कोण? तो बोलतच राहिला. साहेब इस्त्रीच्या टेबलापुढे ताठ बसून आपलं वाक्य घोळवत राहिले. घड्याळ त्यांच्या पाठीमागे होतं.

अखेर निवेदिका पडद्यावर आली. "जनरल हॅस्केट, वेळ थोडा आहे. राष्ट्राध्यक्षांना एकच गोष्ट सांगायची असेल, तर काय सांगाल?"

साहेबांनी घसा खाकरला. श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि मागच्या खिडकीतून, छावणीच्या भोंग्यावरून, पाचचं बिगुल वाजलं.

छावणीत जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाच वाजता झेंडा उतरतो. बिगुल कानावर पडलं की जिथे असाल तिथे उठायचं, झेंडा दिसत असेल तर त्याच्याकडे आणि दिसत नसेल तर आवाजाकडे तोंड करायचं, आणि ताठ उभं राहायचं. साहेबांनी विचार केला, असं म्हणता येणार नाही. विचार पायांनी केला. ते ताडकन उठले, गर्रकन वळले आणि देशाकडे पाठ करून उभे राहिले.

पुढची दोन मिनिटं साहेब त्या खोलीत नव्हतेच. ते जर्मनीतल्या छावणीत होते, जिथे पाचच्या ठोक्याला रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या आणि तरुण डॉटी अंड्यांची पिशवी सांभाळत गाडीतून उतरून उभी राहायची. झोपाळ्यावरची पोरं पाय घासून झोपाळे थांबवायची. आणि मग इथली, पाच वर्षांची टेसा! हातात आइस्क्रीम, ते वितळून कोपरापर्यंत ओघळलेलं, पण बिगुल संपेपर्यंत पोरीने जीभ लावली नव्हती. केवढा अभिमान वाटला होता त्यांना तेव्हा! साहेबांचे डोळे भरून आले.

दुसरी धून, प्रत्यक्ष झेंडा उतरवतानाची, सुरू झाली. साहेबांनी सलामीला हात उचलला, कोट ताणला गेला, आणि वरचा लाल चिमटा फटकन उडून कपडे वाळवायच्या यंत्रावर आदळला. मागोमाग पिवळा गेला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून डॉटीबाई आल्या आणि डाव्या हातात डाव, उजवा हात छातीवर, अशा नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या. त्यांचीही पाठच.

आता गंमत अशी, की संगणकात बाहेरचे आवाज गाळायची सोय होती. डॉटीबाईंच्या मिक्सरला कंटाळून टेसानेच ती नाताळात बसवून दिली होती. त्यामुळे बिगुल कुणालाच ऐकू गेलं नाही. देशाला दिसलं ते इतकंच: राष्ट्राध्यक्षांचं नाव काढताच एक वृद्ध जनरल उठला, त्याने पाठ फिरवली, आपला फाटका कोट जगाला दाखवला आणि मूकपणे सलामी दिली.

"मंडळी..." निवेदिकेने हातातला कागद खाली ठेवला. "माझ्याकडे शब्द नाहीत."

साहेब वळून खाली बसले तेव्हा पडद्यावर दातांच्या पेस्टची जाहिरात चालू होती.

"बोललास का?" डॉटीबाईंनी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवेना. "एक वाक्य होतं डॉटी. तेवढंही जमलं नाही."

आणि फोन सुरू झाले. दिवसभरातली सगळ्यात जहाल टीका म्हणे हीच! आरमारवाल्याचं तेवढं भाषण झालं, पण कुणाला त्यातलं अक्षर आठवेना. लाल चिमटा म्हणजे नक्की काय, यावर दुसऱ्या वाहिनीवर चर्चाही लागली. साहेब फोनच घेईनात. मग टेसाचा आला.

साहेबांना गप्प बसता आलं असतं. पोर खूश असेल तर असू द्यावं, असं तुम्हीआम्ही म्हणालो असतो. पण साहेब सरळ माणूस.

"टेसा, ऐक. ते काही मी मुद्दाम केलेलं नाही. पाच वाजले होते, बिगुल झालं, आणि मी—"

"माहीत आहे आजोबा."

"काय?"

"तुम्ही उठलात तेव्हाच कळलं. इकडे सहा म्हणजे तिकडे पाच. मी चौकात होते, फोनवर बघत होते. तुम्ही वळलात आणि मीपण हात छातीवर ठेवून उभी राहिले. शेजारचे विचारायला लागले, काय झालं म्हणून." ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज कापला. "आइस्क्रीम नव्हतं एवढंच."

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजोबा, पण वाक्य काय होतं?"

साहेबांनी सांगितलं.

"हे सगळ्यांना सांगा," टेसा म्हणाली. "मला एकटीला नको."

आणि साहेबांनी सांगितलंही! दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, शिवण घातलेला कोट बटण न लावता घालून, तोंड पुढे करून, आवाज न कापू देता ते वाक्य बोलले. चौकातून टेसाचा निरोप आला, "ऐकलं. सगळ्यांना ऐकवलं." साहेबांनी तो निरोप डॉटीबाईंना इतक्यांदा वाचून दाखवला की त्या मिक्सर लावून बसल्या. बाकी देशात मात्र काही हललं नाही. वाहिनीकडे प्रेक्षकांचे निरोप आले ते असे, की कालचं जास्त परिणामकारक होतं, आज जनरलसाहेब उगाच बोलले.

शनिवारी दोघं छावणीच्या दुकानात पीच आणायला गेली. रांगेत साहेबांच्या मागे एक उमदा गृहस्थ उभा होता. त्याचा आवाज एकदम भारावला.

"माफ करा, पण तुम्हीच ना ते टीव्हीवरचे जनरल?"

साहेब कृतार्थ झाले. त्यांनी छाती काढली, तोंडावरचा मास्क जरा खाली केला आणि सावकाश, रुबाबात मागे वळले.

गृहस्थाने त्यांना खालून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"सॉरी हं," तो ओशाळून म्हणाला. "मागून अगदी त्यांच्यासारखे दिसता."