कुयरी म्हणून मंजूर

रत्नागिरीच्या कचेरीतून काशीराम मयेकर पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांचा हुद्दा 'हंगामी अव्वल कारकून' असा होता. हंगामी म्हणजे पुण्याकडून कायमचा माणूस येईपर्यंत. तो माणूस वर्षानुवर्षं आला नाही. कोणी म्हणे घाट उतरायला घाबरला, कोणी म्हणे मुळात जन्मालाच आला नाही. खुर्ची झिजवली मयेकरांनी, कामं उरकली मयेकरांनी, साहेबाच्या शिव्याही त्यांनीच खाल्ल्या, पण कायम काही ते झाले नाहीत. निरोपाचा हार घालताना साहेब दोन शब्द बोलायचे म्हणून बोलला, त्यातही 'आपले हंगामी' म्हणायला तो विसरला नाही. मयेकरांना कचेरीत नि आळीत सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब तो हार घेऊन घरी आले आणि खुंटीला अडकवून ओटीवर बसले.

ओटीवरून त्यांना स्वयंपाकघर दिसे. आजवर ते तिथे फक्त जेवायला जात. आता कारभार दिसू लागला आणि ते हादरलेच. त्यांची पत्नी सावित्रीबाई सकाळी परसात जात, हाताला लागेल तो पाला, शेंग, फळ ओच्यात घालून आणत आणि दुपारी त्याचीच भाजी होई. सखू कोळीण दारात टोपली उतरवी, तीत जी मासळी असेल तिचंच कालवण. अगाऊ मंजुरी नाही, चौकशी नाही, कशाचा कशाला पत्ता नाही. इतकी वर्षं आपण बेकायदा जेवत होतो, या विचाराने त्यांना दोन दिवस ढेकरसुद्धा आली नाही.

त्याच सुमारास गावात आरोग्य सप्ताह झाला. मुंबईहून आलेल्या एका डॉक्टराने शाळेच्या पटांगणात व्याख्यान दिलं. कुटुंबाने आठवड्याच्या जेवणाचा बेत आधी ठरवावा आणि तो ताज्या, हंगामी भाजीपाल्यावर बेतावा, असं त्याचं म्हणणं. 'हंगामी तेच उत्तम' असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हंगामी या शब्दाला टाळ्या पडलेल्या भाऊसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा ऐकल्या. शंकासमाधानाच्या वेळी ते उठून उभे राहिले नि हंगामी भाजीला पुढेमागे कायम करण्याची काही तरतूद आहे काय, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. डॉक्टराला प्रश्न कळला नाही. तो बिचारा खाजगी वैद्यकीवाला.

दुसऱ्या दिवसापासून मयेकरांच्या घरी नवा शिरस्ता सुरू झाला. दर शनिवारी दिवेलागणीला बैठक बसे. बैठकीत भाऊसाहेब अध्यक्ष आणि सावित्रीबाई उपस्थित. येत्या आठवड्याचा बेत ठरे, तो खडूने पाटीवर चढे आणि पाटी स्वयंपाकघराच्या दारावर टांगली जाई. पाटीवर आहे ते शिजायचं, नाही ते शिजायचं नाही. पहिल्याच बुधवारी घोटाळा झाला. बेतात बांगडा होता आणि सखूच्या टोपलीत फडफडीत सौंदाळे.

"बुधवारी बांगडा मंजूर आहे," भाऊसाहेब म्हणाले. "सौंदाळा कोणाच्या हुकमाने आला?"

सखूने समुद्राकडे बोट दाखवलं. भाऊसाहेबांनी तिला सौंदाळ्यांसकट परत पाठवली. सावित्रीबाईंनी बांगड्याच्या जागी सुकट भाजते म्हटलं, तर तेही जमेना. सुकट बारमाही, म्हणजे कायम. हंगामी जागेवर कायमचा माणूस बसवला तर बांगड्याने दाद कुठे मागायची? त्या दुपारी नुसता भात आणि कोकमाचं सार झालं, तेही पाटीवर होतं म्हणून. मात्र भाऊसाहेब समाधानाने जेवले. आयुष्यात एक तरी बाब त्यांच्या सहीशिवाय हलत नव्हती.

आळीत बातमी पसरली. लोक हसतील असं सावित्रीबाईंना वाटलं होतं, कसचं काय! शेजारचे गंगाराम शिवलकर दुसऱ्याच दिवशी पाटी विकत घेऊन आले. अवेळी पाहुणा टपकला तर 'अहो, आपलंच घर, पण बेतात नाही' असं म्हणून पाटीकडे बोट दाखवायची काय सोय झाली म्हणून सांगू! सासवांनी भाजीला नाक मुरडलं की सुनाही पाटीकडे बोट दाखवू लागल्या. भिकारी आला की तेच. चार शनिवारांत आळीतल्या दारोदार पाट्या लटकल्या आणि आरोग्य सप्ताहाचा असा परिणाम जिल्ह्यात दुसरीकडे कुठेच झाला नाही, असं म्युनिसिपालिटीचे लोकही बोलू लागले.

अशात फाल्गुनात मयेकरांची एकुलती एक लेक कमळा चिपळूणहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना संपला होता. गाडीतून उतरली, पायांवर पाणी घेतलं आणि ओटीच्या पायरीवर बसून तिने समोरच्या फणसाकडे पाहिलं. फणस त्या वर्षी रुसला होता. एकच फळ धरलं होतं, तेही पार शेंड्याजवळ. पण होतं कोवळं, हिरवंगार, भाजीला अगदी जोगतं. तशा कोवळ्या फणसाला आमच्याकडे कुयरी म्हणतात.

"बाबा, त्या कुयरीची भाजी खावीशी वाटते," कमळा म्हणाली. "दोन महिने झाले, तेवढंच मनात येतंय. ओलं खोबरं घालून, वर लसणीची फोडणी."

भाऊसाहेबांना लेकीचं फार. तिच्या लहानपणी ते स्वतः धोतर खोचून त्या फणसावर चढत आणि कुयरी काढून देत. आता वय नव्हतं, पण प्रेम तेच होतं, आणि प्रेमाच्या माणसाचं काम कसं चोख, कुठे बोट ठेवायला जागा न राहील असं व्हायला हवं. त्यांनी विनंती तत्काळ दाखल करून घेतली. तो आठवडा भरलेला होता, सबब कुयरी पुढच्या बुधवारी लावली. सावित्रीबाई म्हणाल्या, अहो, पोटुशीच्या डोहाळ्याला वार कसले लावताय? ते म्हणाले, डोहाळा हा मुळात तोंडी अर्ज आहे, आणि तोंडी अर्जावर घाईने निर्णय घेतले की पुढे निस्तरावं लागतं.

पुढच्या बुधवारी धाकू आला नाही. त्या शेंड्यापर्यंत चढणारा आळीत तो एकटाच, आणि शिमगा होता. धाकू पालखी नाचवायला गेलेला. बुधवार गेला. बेतातली बाब त्या दिवशी पार पडली नाही तर ती रद्द होते आणि रांगेत शेवटी जाते, हा नियम भाऊसाहेबांनीच केला होता. आपल्याच लेकीसाठी आपलाच नियम मोडला तर आळीने काय म्हणायचं? कुयरी शेवटी गेली. तिच्यापुढे पावटे होते, शेवग्याच्या शेंगा होत्या, लाल माठ होता. ते होईतो पाडवा आला आणि कैऱ्या सुरू झाल्या. कैरीचा हंगाम छोटा, म्हणून तिची निकड मोठी. गुरुवार कैरीच्या कढीला गेला, शुक्रवार तिच्या आमटीला. कुयरी तहकूब राहिली.

सावित्रीबाई गप्प बसल्या होत्या असं मात्र समजू नका. त्यांनी बाजारातून दुसरी कुयरी आणवली आणि पाटीला न जुमानता शिजवली. कमळाने दोन घास घेतले, ताट सारलं आणि आपल्या झाडाची चव नाही म्हणून रडली. मग सावित्रीबाईंनी धाकूला परस्पर गाठलं. धाकू म्हणाला, भाऊसाहेबांनी सांगितल्याबिगर मी झाडाला हात लावायचा नाय. कचेरीत एकदा त्यांच्यासमोर उभा ऱ्हायलोय, तेवढं बास. अखेर सोनूबाई सुईण कमळाला बघायला आली, तिला त्यांनी मध्ये घातलं. सोनूबाई कुणाला भिणारी नव्हती.

"डोहाळा पुरवला नाहीत तं पोराची लाळ गळत ऱ्हाते, भाऊसाहेब," ती ओटीवर उभी राहून म्हणाली. "मग बसा पुसत."

भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. लाळेची बाब वैद्यकीय आहे, ती भोजन-बेताच्या अखत्यारीत येत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. पण त्या शनिवारी ते अस्वस्थ होते. बैठकीत त्यांनी कुयरी सगळ्यांच्या वर घेतली, मंगळवार दिला, वर 'तातडीचे' असा शेरा मारला. धाकूला आदल्या दिवशी निरोप गेला. पाटीवर 'मंगळवार – कुयरी' लिहिताना त्यांनी 'कुयरी'खाली दोन रेघा ओढल्या आणि कमळाला हाक मारून दाखवल्या. ती नुसती हसली. तिचे पाय फार सुजले होते.

मंगळवारी सकाळी सगळी आळी फणसाखाली जमली. इतके दिवस तहकूब राहिलेलं प्रकरण निकाली निघताना पाहायला कोणाला आवडणार नाही! धाकू सरसर वर चढला. शेंड्याशी पोचला, फळावर हात ठेवला आणि तिथेच थांबला.

"भाऊसाहेब," त्याने वरून हाळी दिली, "ही कुयरी नाय. ह्यो फणस झालाय."

"कुयरी म्हणून मंजूर आहे," भाऊसाहेब खालून म्हणाले. "कुयरी म्हणूनच उतरव."

धाकू हुकमाचा ताबेदार. त्याने ते धूड कुयरी म्हणून दोराला बांधलं, कुयरी म्हणून खाली सोडलं, आणि ते जमिनीला टेकायच्या आधीच पिकल्या गऱ्यांचा घमघमाट आळीच्या टोकापर्यंत गेला. वैशाख अर्धा सरला होता. फणसाला बिचाऱ्याला पाटी वाचता येत नव्हती. सावित्रीबाईंनी विळीला तेल लावून फणस चिरला. आत पिवळे धम्मक गरे.

भाऊसाहेब बघत राहिले. "कुयरी म्हणून मंजूर आणि फणस म्हणून हजर," ते म्हणाले. "हे चालायचं नाही. जन्मभर मी खुर्ची झिजवली, मला कोणी कायम केलं नाही. ह्याला कोणी केलं? कोणाच्या सहीने ह्याला बढती मिळाली?"

सावित्रीबाई विळीवरून उठल्या. त्यांचे हात चिकाने भरले होते.

"कोणी केली नाही," त्या म्हणाल्या. "त्याचे दिवस भरले. दिवस भरले की कोणी थांबत नाही, कळलं? आत तुमच्या लेकीचेही भरलेत. पहाटेपासून कळा येताहेत तिला. आणि तुम्ही इथे फणसाला हुद्दा विचारताय!"

सोनूबाई धावली. आळी पांगली. गरे तसेच उघडे पडले आणि त्यांवर माश्या बसल्या. तिन्हीसांजेच्या आत कमळाला मुलगा झाला. तो मंगळवार होता आणि पाटीवर त्या दिवसाखाली मुलाचा काही उल्लेख नव्हता. तरी तो आला आणि चांगला खणखणीत रडला.

पुढचं लवकर सांगतो. बाळंतिणीला ना फणस चालत, ना कुयरी. बाराव्या दिवसानंतर भाऊसाहेब बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत जायचं त्यांना धैर्य होईना. बाहेरूनच त्यांनी विचारलं, पुढच्या फाल्गुनात पहिली कुयरी धरली की त्याच दिवशी काढू, वार बघणार नाही, येशील ना?

"आता नको, बाबा," कमळा म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "आता वाटतच नाही. लहानपणी मी मागितली की तुम्ही सरळ झाडावर चढायचात. तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं."

भाऊसाहेब ओटीवर जाऊन बसले. त्यांना रडू आलं आणि ते रडले. त्याला काही बेतात असावं लागत नाही. त्या शनिवारी बैठक झाली नाही. पाटी मात्र कोणी उतरवली नाही, कारण ती उतरवावी असा ठराव व्हायला बैठक लागते. आजही त्या दारावर 'मंगळवार – कुयरी' आहे, खाली दोन रेघा आहेत.

नातू झकास वाढला. गुटगुटीत, हसरा, सगळ्यांकडे जाणारा. आजोबांच्या मांडीवर तो तासन्‌तास बसे आणि त्याची लाळ गळे. कुंची भिजे, अंगरखा भिजे, आजोबांचं धोतर भिजे. भाऊसाहेब उपरण्याच्या टोकाने त्याची हनुवटी पुसत बसत आणि रस्त्याने जाणारा प्रत्येकजण ते बघून हसे. शिवलकरही हसले. त्यांची पाटी अजून दारावर होती आणि त्यांच्या सुनेला पाचवा महिना लागला होता.

आता तुम्हीही हसताय. हसा, माझी हरकत नाही. फक्त एक सांगा: तुमच्या वेळी तुमच्या आईला काय खावंसं वाटलं होतं? कधी विचारलंत? नाही ना. ते बेतात बसलं होतं की तहकूब राहिलं होतं, तेही माहीत नाही. मग हसण्याआधी हनुवटीवरून एकदा हात फिरवून घ्या.