मुंबईला गेलेलं रक्त

दिंद्रुडच्या लग्नाहून परतताना धोंडप्पांनी एवढंच ठरवलं, की आपण पुढं होऊन एसटीत जागा धरावी, शांतादेवी मागून येतील. यात चुकीचं काही नव्हतं. लग्नघरातून बाईमाणसानं निघायचं म्हणजे सोपं काम नसतं. आधी "येते" म्हणायचं, मग ओटी भरून घ्यायची, मग पुन्हा "येते" म्हणायचं, आणि मग दारात उभं राहून लग्नभर बोलायची राहिलेली गोष्ट काढायची. तेवढ्यात गाडी निघून जाते.

गाडी आली. धोंडप्पांनी खिडकीतून एका जागेवर तोंड पुसायची दस्ती टाकली आणि शेजारच्या जागेवर डोक्यावरची टोपी टाकली. (सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मानानं नेम चांगला होता.) मग दारातल्या रेटारेटीतून आत शिरून ते दस्तीवर बसले आणि टोपीवर हात ठेवला. पुढच्या दारानं बायकांचा घोळका चढला, त्यात एक हिरवं लुगडं दिसलं. शांतादेवी हिरवंच नेसल्या होत्या. चला, आली म्हणायची. बसली असेल पुढं बोलत, दमली की येईल मागं. (लग्नाला आलेल्या निम्म्या बायका हिरवं नेसून आल्या होत्या, हे त्यांना फार उशिरा सुचलं.)

गाडी सुटली. सिरसाळ्याच्या बाजारात बैलांची दलाली करणारा म्हाळू डोक्याशी येऊन उभा राहिला. अंगानं दांडगा गडी.

"आप्पा, सरका की जरा."

"बाई येतीय."

"कुठून येतीय? गाडी सुटली की."

"म्होरं बसलीय. येतीय म्हणलं ना."

कंडक्टरला त्यांनी दोन तिकिटं सांगितली आणि दोन्ही जपून खिशात ठेवली. एका मास्तरांनी अर्ध्या जागेवर तडजोड सुचवली, तीही त्यांनी मानली नाही. अख्ख्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती, आणि त्यांच्या मधोमध एका रिकाम्या जागेवर एक पांढरी टोपी ऐसपैस बसून प्रवास करत होती.

घरी आल्यावर धोंडप्पांनी टोपी खुंटीला अडकवली, पाय धुतले, ओसरीवर बसले आणि हाक दिली, "अगं, च्या टाक."

चहा सुनेनं आणला. वर्षाराणी लातूरची, सासऱ्याला मामा म्हणायची.

"मामा, आत्याबाई कुठं आहेत?"

"आत असंल की."

"आत मी आहे, मामा."

धोंडप्पांनी कप खाली ठेवला.

तिन्हीसांजेला गल्लीच्या तोंडाशी बँडवाल्यांचा टेम्पो उभा राहिला. त्यात मोठ्या ढोलाला टेकून शांतादेवी बसल्या होत्या. मांडीवर ओटीचा नारळ. बँडवाल्यांना वाटेत सगळी हकिकत कळली असावी, कारण त्या उतरत असताना त्यांनी ढोलावर दोन ठोके दिले. सगळी गल्ली दारात आली.

शांतादेवी घरात आल्या. खुंटीवरच्या टोपीकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ही नीट आली न्हवं? हिला बसायला जागा मिळाली न्हवं?"

धोंडप्पांनी खिशातून दोन्ही तिकिटं काढून पुढं केली.

एवढ्यावर भागलं असतं. बायकोचा राग त्यांनी आयुष्यभर पचवला होता. पण थोरला राजेश्वर दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपेपर्यंत दाराशी थांबून राहिला, आणि मग म्हणाला, "आप्पा, परवा तुमी साखरेच्या गिऱ्हाइकाला मीठ बांधून दिलं. काल आई सोडून आलाव. डाक्टरला दावू, ते काय म्हणतेत ते कळंस्तवर दुकानाची किल्ली माझ्याकडं राहू द्या."

धोंडप्पांचं किराण्याचं दुकान होतं. दुकानात गादी, गादीवर धोंडप्पा आणि धोंडप्पांच्या करदोट्याला किल्ली, असं त्यांचे वडील गेल्यापासून चालत आलं होतं. पण जमाना बदलला होता. गावात एस.टी.डी. बूथ झाला होता, घराघरांत केबलची वायर शिरली होती, दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. राजेश्वरला गादी काढून तिथं काचेचं काउंटर आणि थंड्याच्या बाटल्यांचा फ्रिज ठेवायचा होता. काउंटर त्यानं परळीला पाहूनही ठेवलं होतं.

किल्ली गेली तशी गादी जाणार, आणि आपण ओसरीवर बसून शेंगा फोडणार, हे धोंडप्पांना लख्ख दिसलं. (विसरभोळ्या माणसाला पुढचं एवढं कसं दिसतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.) त्यांनी किल्ली सोडून दिली. दिवसभर धोतर सुटल्यासारखं वाटत राहिलं.

"सगळं रक्तात कळतं, मामा," वर्षाराणी म्हणाली. तिनं पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं. "खाण्यातलं काही कमी पडलं तरी माणूस विसरतो."

परळीच्या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले.

"आजोबा, देशाचे पंतप्रधान कोण?"

धोंडप्पा सावध झाले. त्या दोन सालांत ती खुर्ची यष्टीतल्या जागेसारखीच झाली होती, कोण कधी उठेल आणि कोण कधी बसेल याचा भरवसा नव्हता.

"आज सकाळच्या बातम्या ऐकल्या न्हाईत, साहेब. काल सांजच्याला जे होते त्यांचं सांगू का?"

डॉक्टरांनी कंपाउंडरकडं पाहिलं. कंपाउंडरनंही बातम्या ऐकल्या नव्हत्या. डॉक्टरांनी तो प्रश्न सोडून दिला.

"उद्या उपाशीपोटी या. रक्त घेऊ."

उपाशी म्हटल्यावर शांतादेवींनी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, वर दाण्याची आमटी, भगर आणि राजगिऱ्याचे लाडू. धोंडप्पांनी श्रद्धेनं सगळं खाल्लं. डॉक्टरांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. पुढच्या खेपेला खरोखरीचं पोट रिकामं आहे याची साक्ष द्यायला शांतादेवी स्वतः बरोबर आल्या, आणि दंडाला रबरी नळी आवळली जात असताना धोंडप्पांना लहर आली.

"माझंच कावून? हिचंबी काढा की. चूल एकच हाय आमची."

"मला काय धाड भरलीय?" शांतादेवी म्हणाल्या.

"भ्यालीस व्हय?"

भ्यालीस म्हटल्यावर त्यांनी बाही वर केली.

दोघांचं रक्त बर्फाच्या डब्यातून मुंबईला गेलं. ही तपासणी तिकडंच होत होती. धोंडप्पा जन्मात परभणीच्या पुढं गेले नव्हते. आपलं रक्त आपल्या आधी मुंबई पाहून घेतंय, आणि तेही शांतादेवींच्या रक्ताच्या शेजारी बसून, याची त्यांना गंमत वाटली. (या खेपेला दोघं एकाच गाडीत होते.)

रिपोर्ट आला त्या दिवशी राजेश्वर काउंटरच्या मापाचा कागद खिशात घेऊनच परळीला आला होता.

"रक्तात बी बारा नावाचं जीवनसत्त्व असतं," डॉक्टर म्हणाले. "ते दूध-दह्यातून मिळतं, किंवा मग अंडी..." दोघांच्या कपाळावरची विभूती पाहून त्यांनी पुढचं गिळलं. "ते कमी पडलं की थकवा येतो, पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं. म्हातारपणी बरेच दिवस कमी राहिलं तर बुद्धीवर परिणाम व्हायचा धोका वाढतो, असं म्हणतात. म्हणतात हं, त्यावरून कुणाला खुळं ठरवता येत नाही. आजोबांचं चांगलं आहे."

धोंडप्पांनी राजेश्वरच्या खिशाकडं पाहिलं.

"आजींचं मात्र पार तळाला गेलंय."

"आईचं?" राजेश्वर म्हणाला. "आई तर काईच इसरत न्हाई."

"आजी, तुम्हाला विसरायला होतं का?"

"मला?" शांतादेवी सावरून बसल्या. "माझ्या लग्नात मांडवात वीज गेली न्हाई, कारण गावात वीजच न्हवती. ह्यांच्या आत्यानं मला पहिल्या दिवाळीला जे लुगडं दिलं ते तिच्या नणंदेचं उतरलेलं होतं, त्याचा उजवा काठ कातरलेला होता. ह्या राजेश्वरच्या बारशाला वच्छलाबाई आल्या, जेवल्या, आन् पाळण्यात काईच न टाकता गेल्या..."

"पुरे, पुरे," डॉक्टर म्हणाले. "जेवणात काय असतं तुमच्या?"

"समद्यांचं झाल्यावर जे उरंल ते. भाकरी, ठेचा."

"दूध?"

"दूध ह्यांना. साय घालून. दही पोराला आन् नातीला. ताक आल्यागेल्याला."

"आणि तुम्हाला?"

"मी भांडं इसळून पिते की," शांतादेवी म्हणाल्या. जणू त्यात काही विचारण्यासारखं नव्हतंच.

राजेश्वर खिशातल्या मापाशी चाळा करत राहिला. रोज संध्याकाळी पेलाभर सायीचं दूध पिऊन धोंडप्पा मिशा पुसत, तेव्हा आत मोरीपाशी पाण्याचा आवाज यायचा. तो आवाज धोंडप्पांना रोज ऐकू येत होता. भांडी घासायच्या आधी ती काय करते, हे मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"इंजेक्शनं घ्यावी लागतील," डॉक्टर म्हणाले. "आणि रोज दूध. अशक्तपणा जाईल, आठवण छान राहील."

"आजून?" धोंडप्पांच्या तोंडून निघून गेलं.

घरी आल्यावर शांतादेवींनी राजेश्वरपुढं हात पसरला. "आण ती किल्ली." राजेश्वरनं दिली. धोंडप्पांनी करदोटा पुढं केला, पण शांतादेवींनी ती आपल्या कमरेला खोचली.

"तुमची याददाश्त चांगली हाय म्हणतेत डाक्टर. दाखवा मला. रोज सांजच्याला माझं दूध तुमी आठवणीनं द्यायचं. मी बोलणार न्हाई, सुनेनं बोलायचं न्हाई. पोर्णिमेपस्तोर जमलं तर किल्ली तुमची आन् गादीबी तुमची. चुकलात तर राजेश्वरचं काउंटर."

पौर्णिमेपर्यंत धोंडप्पांनी एकही सांज चुकवली नाही. चुलीपाशी जाऊन स्वतः दूध तापवायचे, साय धरायचे, पेला भरून उभे राहायचे. दोनदा हात भाजला. शांतादेवी पदरानं तोंड झाकून पीत, आणि पिताना त्यांच्याकडं पाहत नसत. एकदा मात्र पाहिलं, आणि जरासं हसल्या. त्या हसण्यावर धोंडप्पांनी पुढचे दोन दिवस काढले.

पौर्णिमा आली. शांतादेवी महादेवाच्या देवळात गेल्या होत्या. धोंडप्पांनी पेला भरून ओसरीवर ठेवला आणि शेजारी राखणीला बसले. नात प्रणिता आली, "आप्पा, मला घोटभर?"

"बाई येतीय."

मांजर आलं. त्यालाही तेच सांगितलं.

मग म्हाळू आला आणि पेल्याकडं पाहून हसत सुटला. "आप्पा, पुन्हा कुणाची जागा धरून बसलाव?"

"हसतूस काय बे? त्या दिशी माझं काईच चुकलं न्हाई. हिरवं लुगडं मी ह्या डोळ्यांनी बघितलतं. हे बघ, मी असा बसलतो. डावा हात असा टोपीवर. तो मास्तर आला, म्हणला अर्धी द्या..."

धोंडप्पा रंगले. कंडक्टर सांगितला, मास्तर सांगितला, स्वतः म्हाळूच म्हाळूला सांगितला. सांगता सांगता घसा सुकला. डावा हात टोपीवर गुंतला होता, उजवा मोकळा होता. ही वेळ त्या हाताच्या ओळखीची होती, पेलाही ओळखीचा होता. त्या हातानं धोंडप्पांना विचारलं नाही.

म्हाळूचं हसणं एकाएकी थांबलं म्हणून त्यांनी मागं वळून पाहिलं. उंबऱ्याशी शांतादेवी उभ्या होत्या.

"आली बाई," त्या म्हणाल्या.

धोंडप्पांनी हातातल्या पेल्यात पाहिलं. मिशीला साय लागली होती ती पुसावी की राहू द्यावी, हे त्यांना समजेना.

"यष्टीत निदान जागा तरी राखलीती."

राजेश्वर आतून काही बोलायला आला, पण आईनं डोळ्यांनीच त्याला परत पाठवलं. किल्ली पुढच्या पौर्णिमेवर गेली. काउंटरही तिथंच गेलं. धोंडप्पांनी सुस्कारा सोडला. फारच स्वस्तात सुटलो, असं त्यांना वाटलं.

शांतादेवींनी रिकामा पेला उचलला, आत निघाल्या आणि दारात थांबल्या.

"आपल्या लग्नातबी तुमी असंच केलतं. वरात आल्यावर माझ्या मामीनं दोघांत एक पेला दूध दिलतं, निम्मं निम्मं घ्या म्हणलती. समदं तुमीच पिलाव. आन् मिशीला साय लागलीती, ती उजव्या बाजूला."

ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही काढली नव्हती. धोंडप्पांनी हळूच मिशीच्या उजव्या बाजूला हात लावून पाहिला.

इंजेक्शनं लागू पडली होती.